सोलापूरच्या मॅचची यादी

नाना, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहायचं ते एकच होतं. सोलापूरच्या मॅचला निघालेला आपला ट्रक येरमाळ्याच्या अलीकडं अडवला गेला, कारण अडवणाऱ्यांच्या हाती आपली यादी लागली होती. ती यादी मिस्त्रीचाचांनी पोचवली असं सगळी कॉलनी म्हणत राहिली. तुम्ही त्यावर कधी हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. यादी माझ्या हातून गेली होती. हे मी तेव्हा सांगितलं नाही, पुढंही नाही, आणि तुमचा सगळ्यात जवळचा माणूस माझ्यामुळं तुमच्या मनातून उतरला, असं धरून मी निवृत्तीच्या वयाला आले. मागच्या महिन्यात एक जण भेटला. त्याच्यामुळं लिहायला बसले आहे.

त्या वर्षी कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. ऊसच नव्हता. माणसं सकाळी मस्टरवर सही करायची आणि दिवसभर बसून राहायची. उसाच्या गाड्या जिथं रांगेनं उभ्या राहायच्या ते आवार मोकळं पडलं होतं आणि तिथं सकाळ-संध्याकाळ फुटबॉल चालायचा. हा खेळ आपल्या कारखान्यात कोल्हापूरकडच्या एका चीफ केमिस्टनं आणला होता. ते बदलून गेले, खेळ राहिला. केज तालुक्यात दुसरीकडं कुठं कुणी फुटबॉल खेळत नव्हतं, त्यामुळं आपल्या संघाची प्रत्येक मॅच बाहेरगावी असायची, आणि संघ एस.टी.नं गेला की मागून बघणाऱ्यांचा एक ट्रक जायचा. कारखान्याचं गॅरेज तुमच्याकडं होतं. दुरुस्त झालेली गाडी लांबवर पळवून बघायची असते, असं म्हणून तुम्ही ट्रक काढायचात. कुणी हरकत घेतली नव्हती. त्या दुष्काळात दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून असेल, संघ जिंकत गेला आणि सोलापूरच्या स्पर्धेत शेवटच्या मॅचपर्यंत पोचला.

ठरवाठरवी आपल्या ओट्यावर झाली. तो गुरुवार मला अजून दिसतो. तुम्ही उंबऱ्यात बसला आहात, तुमच्या गॅरेजमधले मिस्त्रीचाचा पायरीवर, हातांना ग्रीस तसंच, बाकीचे अंगणात उकिडवे. चाचा रस्ता सांगताहेत: कळंब, येरमाळा, बार्शी, सोलापूर. खाली पाचट टाकायचं, वर ताडपत्री. सकाळी सातला निघायचं, मॅच चारला. ढोल घ्यायचा का, तर घ्यायचा, पण वाजवणार कोण, तर त्यावर अर्धा तास. मग आई आतून म्हणाली, "रविवारी टँकर हाय." ढोल बाजूला राहिला. तीन दिवसांनी एकदा टँकर यायचा आणि त्या रविवारी आपल्या कॉलनीची पाळी होती.

"बायका भरतेत की," अंगणातून कुणीतरी म्हणालं.

आई बाहेर आली. "व्हय, बायका भरतेत. तुमी तिकडं जाऊन बोंबला, आमी हितं घागरी ओढतो. अन् गोल झाला तर काय भरून आणताव घरी?"

"भाबी की बात बरोबर हाय," चाचा म्हणाले. "टँकरवाल्याला मी बोलतो. शनवारी आणील. त्याचा पंप कोन दुरुस्त किया?"

"शनवारी येत असंल तर मी बी येते," आई म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?" तुम्ही विचारलंत.

"तुमाला तरी काय कळतंय? मागल्या बारीला आपल्यावर गोल झाला तवा टाळ्या वाजविल्याव."

अंगणातले सगळे हसले. तुम्हीही हसलात. आईला आणि मला ट्रकच्या केबिनमध्ये बसवायचं ठरलं.

यादी करायचं काम माझ्याकडं आलं. मी अंबाजोगाईला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीवर आलेली. कोण येणार आणि कुठल्या घरातून किती भाकरी येणार एवढंच लिहायचं होतं. घरात कोरा कागद नव्हता. कारखान्याच्या निवडणुकीची छापील मतदार यादी मात्र प्रत्येक घरी येऊन पडली होती. कॉलनीतले बहुतेक जण आसपासच्या गावचे, शेती असलेले, म्हणजे कारखान्याचे सभासद. त्यांची नावं त्यात आधीच छापलेली. मला वाटलं, नावं पुन्हा कशाला लिहायची. मी घरोघर फिरले आणि येणाऱ्याच्या नावापुढं टिक केली, टिकेपुढं भाकरीचा आकडा. चार, सहा, पाच. ज्यांची नावं छापलेली नव्हती त्यांची मी खाली हातानं लिहिली. चाचांचं नाव त्यात होतं. त्यांना शेती नव्हती. वर मथळा दिला: रविवार, सकाळी सात, सोलापूर. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

शुक्रवारी मी ज्वारी घेऊन गावातल्या गिरणीत गेले. आपल्या घरच्या भाकरी जास्त होत्या, दळण मोठं होतं. यादी पिशवीत होती. किती दळायचं ते बघायला मी ती काढली, काट्याजवळ ठेवली आणि पीठ घेऊन निघून आले. घरी आल्यावर आठवलं. पुन्हा गेले तर गिरणी बंद झाली होती. म्हटलं, असू दे, नावं पाठ आहेत. गिरणीवाला चेअरमनच्या पॅनेलचा होता हे मला माहीत होतं. पण भाकरीच्या यादीचा पॅनेलशी काय संबंध, एवढाही विचार मी केला नाही.

आपल्याकडच्या निवडणुका कशा असतात हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण लिहिताना माझं मलाच समजून घ्यायला हवं. मतदान दहा दिवसांवर आलं की पॅनेलवाले सभासदांना सहलीला न्यायचे. देवदर्शन म्हणायचे. गाडी सकाळीच निघायची, भाकरी बांधलेल्या, यादीत नावांपुढं खुणा, खुणेपुढं त्या घरातली मतं. समोरच्या पॅनेलनं माणसं फोडू नयेत म्हणून ती परगावी ठेवायची आणि मतदानाच्या सकाळी आणून उतरवायची. हे कॉलनीतल्या प्रत्येकानं बघितलेलं होतं, निम्म्यांनी स्वतः केलेलं होतं. तरी आपण निवडणुकीच्या तोंडावर शेचाळीस माणसं, त्यातले चाळीस सभासद, ट्रकात घालून निघालो, आणि हे कसं दिसेल असं एकाच्याही मनात आलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात मॅच होती.

येरमाळ्याच्या अलीकडं एक जीप मागून आली, पुढं गेली आणि आडवी लागली. चेअरमनचा ड्रायव्हर उतरला, त्याच्याबरोबर तिघं. ड्रायव्हर तुमच्याच गॅरेजमध्ये गाडी शिकलेला. त्यानं तुम्हाला नमस्कार केला आणि म्हणाला, "नाना, गाडी माघारी फिरवा."

"कावून?"

"कावून म्हंजी? चाळीस सभासद घेऊन कुठं निघालाव?"

"मॅचला. सोलापूरला. चारला सुरू होती."

"कसली मॅच, नाना. आमाला काय कळत न्हाई का?"

चाचा ट्रकातून खाली उतरले. "काय तमाशा हाय बे? ढोल दिसत न्हाई का?"

"सहलीला बी ढोल नेतेत," तो म्हणाला. मग त्यानं ट्रकाच्या फाळक्यावर चढून आत बघितलं. कडेला आपले म्हातारे वॉचमन बसले होते. त्यांना फुटबॉलशी घेणं नव्हतं. ट्रक सोलापूरला जातोय एवढ्यावर ते आले होते. "बाबा, तुमी कुठं चाललाव?"

"शिद्धेश्वराच्या दर्शनाला," वॉचमन म्हणाले.

"घ्या," ड्रायव्हर तुमच्याकडं वळून म्हणाला. "तुमी म्हणताव मॅच, हे म्हणतेत देव."

ट्रकात कुणीतरी वॉचमनना शिवी दिली. केबिनमध्ये आई पुटपुटली, "म्हाताऱ्याला आजच खरं बोलायचं होतं." तेव्हा ड्रायव्हरनं तुम्हाला रस्त्याच्या कडेला बोलावलं, बाभळीखाली, आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. मी काचेतून बघत होते. कागद उलगडल्यावर खालच्या बाजूला हातानं लिहिलेल्या ओळी दिसल्या. ती माझीच यादी होती. तुम्ही तो कागद हातात घेतलात. बराच वेळ बघितलात. काहीतरी म्हणालात, ते मला ऐकू आलं नाही. मग कागदाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलात. मी केबिनमधून उतरायला हवं होतं. दाराच्या कडीवर हात होता. मी उतरले नाही.

तुम्ही परत आलात ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत. "हे बघ, गाडी माघारी येणार न्हाई. तू संगट चल. हितं माणसं मोज, तिथं मोज, येताना मोज. एक जरी कमी भरला तर मला धर." ड्रायव्हरनं साथीदारांकडं बघितलं. तुमच्या शब्दाला नाही म्हणणं त्याला जड गेलं असावं. त्यानं ट्रकात चढून डोकी मोजली, आम्हा दोघींना धरून शेचाळीस, आणि जीप मागं लावली.

अशी आपली मिरवणूक निघाली. येरमाळ्याला मोजणी, बार्शीला चहाला थांबलो तिथं मोजणी. बार्शीला ड्रायव्हरनं आमच्यातलीच भाकरी आणि ठेचा खाल्ला. सोलापुरात मैदानावर तो आणि त्याचे तिघं आपल्या माणसांच्या चार कोपऱ्यांना बसले, मेंढ्या राखल्यासारखे. मध्यंतराला मोजलं तर पंचेचाळीस. ड्रायव्हरनं पुन्हा मोजलं. तो फाटकाकडं पळाला, तुम्ही त्याच्यामागं, आणि तिकडून वॉचमन कपाळाला भस्म लावून प्रसाद वाटत येत होते. ड्रायव्हरनं त्यांच्या पाया पडल्यासारखं केलं. दुसऱ्या अर्ध्यात आपण एक गोल फेडला तेव्हा तो उभा राहून ओरडत होता आणि माणसं मोजायचं विसरला होता. शेवटी आपण हरलो. आई म्हणाली, "चांगलं खेळले, पर त्यांनी जरा पुढं पळायला पायजे होतं."

रात्री कॉलनीत पुन्हा शेचाळीस उतरले. पण चेअरमनचा विश्वास बसला नाही, किंवा बसवून घ्यायचा नव्हता. निवडणूक झाली, चेअरमन तेच राहिले, आणि महिनाभरात गॅरेज तुमच्याकडून काढून तुम्हाला स्टोअरला बसवलं. यादी गिरणीवाल्याकडून चेअरमनकडं गेली एवढं बाहेर आलं होतं, त्याला ती कुणी दिली ही चर्चा तेव्हा सुरू झाली. चाचांचं घर गावात, गिरणीला लागून. लोकांना एवढं पुरलं. मी रोज ठरवायची की आज सांगू. तुम्ही स्टोअरमधून यायचात, हात-पाय धुवायचात, तेही तांब्याभर पाण्यात, आणि ओट्यावर बसायचात. मी पुस्तक उघडून बसायची. मग सुट्टी संपली.

पुढच्या वर्षी चाचांनी कारखाना सोडला आणि बीडला स्वतःचं गॅरेज टाकलं. ते गेले त्या दिवशी मी घरी होते. एस.टी. स्टँडवर अर्धं गॅरेज आलं होतं. तुम्ही नव्हतात. आई म्हणाली, कामावर गेलेत. स्टोअरला कुलूप होतं, ते मी येताना बघितलं. म्हणजे तुम्ही मुद्दाम आला नाहीत, असं मी समजले. पुढं बीडला जाताना एस.टी. त्यांच्या गॅरेजवरून जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायची. चाचा तुमच्या आधी गेले. तुम्ही मय्यतीला गेलात आणि दोन दिवस तिथंच राहिलात. तो पश्चात्ताप असेल, असं मला वाटलं.

आता मागच्या महिन्याचं. मी शिकवते त्या कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर होते. एक म्हातारा नातीचा अर्ज घेऊन आला, काठी टेकत. अर्जावरचं गाव बघून मी दोन शब्द विचारले. तो माझ्याकडं बघत राहिला. "नानांची पोरगी न्हवं का तुमी?" चेअरमनचा ड्रायव्हर. मी त्याला स्टाफरूममध्ये बसवलं, चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं आणि तो स्वतःहून म्हणाला, "तुमचे नाना जिंदगीत एकदाच लबाड बोलले बाई, अन् ते बी माझ्यापुढं."

येरमाळ्याची गोष्ट त्यानं सांगितली. कागद दाखवून त्यानं विचारलं होतं, नाना, हे कुणाचं अक्षर. "लई येळ बघितलं त्यांनी. मग म्हणले, माझं हाय. आता मी पाच वर्सं त्यांच्या गेटपासवर गाड्या काढलेल्या. नानांचं अक्षर मला ठाव न्हाई? निजामाच्या साळंत उर्दू शिकलेला माणूस, मराठी लिहायचं ते एकेक अक्षर पाचरीवानी. अन् हे कसं, कालिजातलं, गोल गोल. मी म्हणलं, बरं, तुमचं तर तुमचं. म्हणले, भाकरीचे आकडे हायेत. ते बी मला खरं वाटलं न्हाई, बार्शीला भाकरी खाईपतूर."

मी विचारलं, मग मिस्त्रीचाचांवर संशय कशाला घेतला नानांनी?

"कुणी, नानांनी?" तो मोठ्यानं म्हणाला, शेजारचे प्राध्यापक वळून बघायला लागले. "कुणी सांगितलं तुमाला?"

चाचा बीडला गेले त्या दिवशी सकाळीच तुम्ही आजारी रजा टाकून तिकडं गेला होतात. दुकानाच्या गाळ्याला चुना लावत होतात. चेअरमनला कळू नये म्हणून घरीही सांगितलं नव्हतंत. चेअरमन चाचांना नोकरीतून सोडायला तयार नव्हते. चाचांची अवजारं याच ड्रायव्हरनं पोत्याखाली झाकून जीपमधून पोचवली, चेअरमन मुंबईला गेले होते तेव्हा. तो पोचला तर तुम्ही शिडीवर, डोक्यावर चुना. दुपारी चाचा आले आणि तिघांनी चहा घेतला. तेव्हा चाचांनी तुम्हाला विचारलं की लोक माझं नाव घेतात, तुम्ही काही बोलत नाही. तुमचं उत्तर त्या म्हाताऱ्याला जसंच्या तसं आठवत होतं. "म्हणले, बोललो तर इचारतील, मंग कुणाकडनं गेली. पोरगी शिकायलीय, तिचं नाव कशाला. तर मिस्त्री म्हणले, मंग माझंच राहू द्या, मी तर चाललो. अन् नंतर त्या भाकरीवरून जे हसाय लागले दोघं. मिस्त्री म्हणले, नाना, मेरे नाम के सामने कितनी थी? नाना म्हणले, सात. मिस्त्री म्हणले, सात मतं! मी तर सभासद बी न्हाई."

तो स्वतःच हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. खांद्यांवरचं काहीतरी उतरलं आणि ते इतकी वर्षं तिथं होतं हे उतरल्यावर कळलं. तुम्ही मला सांगायला हवं होतंत, असंही एक क्षण वाटलं. पण सांगितलं असतंत तर मी तुमच्यासमोर कशी वावरले असते. तुम्ही वाट बघत होता का, मी बोलेन म्हणून? असलात तर ती वाट मी फुकट घालवली. चाचांनी माझ्यासाठी आपलं नाव तसंच राहू दिलं, त्याचं मी काय करू हे मला अजून कळलेलं नाही. मागच्या आठवड्यात बीडला गेले होते. एस.टी.तून त्यांच्या गॅरेजकडं सरळ बघितलं. त्यांचा मुलगा जीपखाली आडवा झोपून काम करत होता, फक्त पाय दिसत होते. मी उतरले नाही. पुढच्या खेपेला उतरेन.

हे पत्र पाठवायचं नाही, म्हणून शेवटचं लिहायला हरकत नाही. म्हातारा उठता उठता म्हणाला, "पर बाई, एक सांगा. ती यादी गिरणीत गेली कशी?" त्याला कुठलाच राग नव्हता, नुसतं कुतूहल. समोर कुणी चेअरमन नाही, कारखाना केव्हाच बंद पडलाय, मला धरणारं कुणी उरलेलं नाही. आणि मी म्हणाले, "आईनं नेली असेल, दळणाबरोबर." त्यानं मान हलवली. "व्हय, बायामाणसाकडून राहतंय तसं," म्हणाला आणि नातीला घेऊन गेला.

आई तिकडं तुमच्याजवळच असेल, नाना. एवढं तिला सांगू नका.